जशी आली होती तशी

१

मूळपुरुषाचा दिवस एका स्क्रूपासून सुरू व्हायचा. तोंडबिंड धुवायच्या आधी तो लोखंडी जिन्याने खाली शेडमध्ये उतरायचा, काल रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवलेला स्क्रू चिमटीत धरायचा आणि नजर अधू झालेला शिंपी सुईत दोरा ओवतो तशी मान करून उजेडाकडे बघायचा. गंज सुटला असेल तर स्वारी खूष. नसेल तर पुन्हा वाटीत बुडवून त्याची समजूत काढायची. नवीन स्क्रू दुकानात ढिगाने मिळतात हे सांगून सांगून सगळ्या गल्लीची जीभ झिजली होती. हा म्हणायचा, मिळतात, पण ते ह्या गाडीला ओळखत नाहीत.

जुन्या गाड्या जशाच्या तशा करून देणं हा त्याचा धंदा. कारखान्यातून बाहेर पडताना होती तशी. रंग तोच, पत्रा तोच, सीटच्या आत काथ्या होता तर काथ्याच. फोमचं नाव काढलं की नाक मुरडायचा. म्हणून लोक त्याला मूळपुरुष म्हणत. खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं, आणि तिथेच व्याज खात पडून असायचं.

शेडच्या जमिनीवर मधोमध एक पिवळी रेघ होती. रेघेच्या अलीकडे मूळपुरुष, पलीकडे काप्या. काप्या म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. जुनी गाडी दिसली की ह्याच्या हातांना खाज सुटायची. छप्पर कापून वीतभर खाली घ्यायचं, चाकं रुंद करायची, इंजिन भलत्याच गाडीचं बसवायचं आणि रंग असा द्यायचा की डोळे मिटले तरी दिसत राहावा. एकदा एक डॉक्टरीणबाई सासऱ्यांची गाडी नीटनेटकी करायला म्हणून घेऊन आल्या आणि चुकून रेघेच्या पलीकडे लावून गेल्या. परत आल्या तेव्हा गाडीला छप्पर नव्हतं. नशीब एवढंच, की बाईंना ते आवडलं. सासऱ्यांना काय वाटलं ते विचारायला कोणी गेलं नाही.

दोघं वरच्या दोन खोल्यांत राहत. मूळपुरुषाची बायको लवकर निघून गेली होती, कारण लग्नाच्या दिवशी होती तशीच ती कायम राहावी असा त्याचा हट्ट होता. काप्याचं लग्नच झालं नाही. बघितलेल्या प्रत्येक मुलीत काय सुधारणा करता येईल हे तो तिच्या आईसमोर बोलून दाखवायचा. त्यामुळे घरात दोन खाटा, दोन कप आणि सकाळ-संध्याकाळ एकच भांडण. ते इतकं जुनं झालं होतं की त्यालाही मूळपुरुषाने पॉलिश केलं असतं.

"दादा, तू गाड्या दुरुस्त करत नाहीस," काप्या म्हणायचा, "पेंढा भरून ठेवतोस."

"आणि तू खाटीक," हा म्हणायचा.

मग दोघं चहा प्यायचे. ज्याला घरात रोज भांडायला माणूस आहे, तो एकटा नसतो. पण हे तो माणूस असेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

२

शेडच्या मागच्या बाजूला, बरोबर रेघेवर, ताडपत्रीखाली आबांची गाडी उभी होती. आबा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. एकाला ती होती तशी हवी होती, दुसऱ्याला व्हायला हवी तशी. बापाच्या गाडीवर भांडायला दोघांनाही लाज वाटायची, म्हणून ते तिच्याबद्दल बोलतच नसत.

मग जुन्या गाड्यांचा मेळावा जाहीर झाला. असे मेळावे पूर्वीही झाले होते, पण ह्या वेळी जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांची वेगळी रांग असणार होती. परीक्षक म्हणे टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतात आणि परका नट दिसला की गुण कापतात. मूळपुरुषाला झोप येईना. आपल्या हातून शेकडो लोकांच्या बापाच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि आपल्या बापाची ताडपत्रीखाली, हे त्याच्या मनाला लागलं. चहाच्या वेळी त्याने चाचरत विषय काढला. पुढे मोठं रामायण होणार म्हणून सगळी उत्तरं त्याने तोंडपाठ करून ठेवली होती.

काप्याने एकही वापरू दिलं नाही. कपात बिस्कीट बुडवत म्हणाला, "कर की. फक्त मला ओळखू येईल एवढी ठेव."

असल्या कामात आधी एक दिवस धरावा लागतो. गाडी काय, आयुष्यभर बदलत जाते. कुठल्या दिवशीची गाडी परत आणायची ते एकदा ठरवलं की त्या दिवसानंतरचं जे जे अंगावर आलं असेल ते उतरवायचं. सगळ्यात शेवटी चढलेलं सगळ्यात आधी. मूळपुरुषाने दिवस धरला तो गाडी घरी आली तो. त्या दिवसाचा एक फोटो होता. आबा दाराला टेकून, आई लाजून अर्धी बाहेर, ताई पायरीवर उभी, आणि बॉनेटवर हा स्वतः, चेहरा असा की जणू गाडी ह्यानेच पदरमोड करून घेतली. काप्याचा त्यात पत्ता नव्हता. तो अजून व्हायचा होता.

फोटो त्याने शेडच्या खांबाला चिकटवला आणि ताडपत्री ओढली.

३

सगळ्यात शेवटी चढलेली गोष्ट म्हणजे मागच्या काचेखालच्या फळीत कापलेली स्पीकरची दोन भोकं. कॉलेजात असताना काप्याने ती आबांना न विचारता पाडली होती. मूळपुरुषाने फळीला जुनंच लाकूड शोधून ठिगळ लावलं. असं लावलं, की रंग दिल्यावर त्याला स्वतःलाही जागा सापडेना. त्याने स्वतःच्याच पाठीवर मनातल्या मनात थाप मारली आणि पुढच्या कामाला लागला.

दुपार झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला सकाळपासून आपल्या कानशीचा आवाज ऐकू येतो आहे. नुसता कानशीचा. हातातलं थांबवलं तर पत्र्यावर कावळा चालला तेही ऐकू आलं. रेघेच्या पलीकडे रेडिओ ओरडत असायचा रोज, इतका की चहावाला पलीकडच्या फुटपाथवरून गाण्याची फर्माईश करायचा. आज तिकडे काप्या गुपचूप एका चाकाशी झटत होता.

रेडिओ बिघडला का, असं ह्याने विचारलं. काप्याने मान वर करून विचारलं, कुठला रेडिओ. मूळपुरुष हसला. त्याची चेष्टा करण्यात काप्याचा हात कोणी धरत नव्हता. एकदा ह्याने जपून ठेवलेल्या मूळच्या नंबरप्लेटवर त्याने खडूने 'भंगार' लिहून ठेवलं होतं. तेव्हा हीही चेष्टाच असणार. लपवला असेल रेडिओ कुठेतरी.

दुसरं काम मागच्या मडगार्डचं. गाडी चालवायला शिकताना काप्याने ती फाटकाच्या खांबाला घातली होती. पत्रा आत गेला आणि पोराची डावी भुवई मधोमध फाटली. पत्र्याला आबांनी नंतर थोडं ठोकून घेतलं, भुवईला टाके पडले. खूण दोन्हीकडे राहिली. मूळपुरुषाने आतून लाकडी ठोकळा लावला, बाहेरून हलक्या हातोडीने टिचक्या मारल्यासारखं करत पत्रा वर आणला. खड्डे बुजवायच्या लांबीचा ठिपकाही भरावा लागला नाही. हात फिरवला तर जणू पाण्यावरून फिरावा.

सकाळी काप्या खांद्यावर टॉवेल टाकून, अर्ध्या गालावर साबण घेऊन समोर आला. भुवई अखंड होती.

काय बघतोस, म्हणून काप्याने विचारलं. भुवई, असं ह्याने खरं सांगून टाकलं. काप्या म्हणाला, चांगली आहे ना, घे हवी तर.

मूळपुरुषाने दिवसभर स्वतःची समजूत घातली. केस वाढतात. वयाबरोबर खुणा विरतात. आणि फाटली होती ती डावी, की आरशातली डावी? त्याने जेवताना उजवीही बघून घेतली. तीही अखंड. माणूस रोज ज्याच्या तोंडाकडे बघतो त्याचं तोंड त्याला खरं तर ठाऊकच नसतं, असं काहीतरी त्याने स्वतःला पटवलं, आणि पटल्यासारखं केलं.

४

तिसरी गोष्ट हॉर्न. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याला लागेल असं एक लाल बटण होतं. काप्या शाळेत असताना त्याने कुठूनसा लॉरीचा भोंगा पैदा करून गाडीला जोडला, आणि आबा त्यांच्या साहेबांना सोडायला निघाले तेव्हा तो वाजला. साहेब उडालेच. ह्याने तेव्हा काप्याला एक ठेवून दिली होती. काप्याने आयुष्यात बदललेली पहिली वस्तू ती.

बटणाचा स्क्रू फिरवताना मूळपुरुषाचा हात जरा अडला. पण फोटोत बटण नव्हतं. त्याने वायर ओढून काढली, भोक भरलं, घासलं, रंगवलं.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी काप्या उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट.

"दादा, येऊ का आत?"

ह्या शेडमध्ये आत येऊ का असं आजवर फक्त लाईटबिल वाटणाऱ्याने विचारलं होतं. मूळपुरुषाने नुसती मान हलवली. काप्या कपड्यांना डाग लागू नये म्हणून हात अंगाशी धरून आला. ऑफिसला निघालो होतो, म्हणाला, विम्याच्या, म्हटलं बघून जावं काम कुठवर आलं. गाडीभोवती त्याने देवळात घालतात तशी फेरी घातली आणि मनापासून सांगितलं, की काय सुंदर राखली आहेस, एक गोष्ट बदलली नाहीस, लोक उगाच बदलतात कशाला कोण जाणे.

जन्मभर ज्या लढाईत दोघांनी एकमेकांना इंचभर सरकू दिलं नव्हतं, ती मूळपुरुष जिंकला होता. आणि बसायला जावं तर मागून कोणी खुर्ची ओढून घेतली, तसं त्याला वाटलं. त्याने मुद्दाम खोड काढून बघितली. "मी काय म्हणतो, हिचं छप्पर कापलं तर?"

काप्याचा चेहरा खरोखर दुखावला. असं बोलवतं तरी कसं दादा, असं हळू म्हणाला, घड्याळ बघितलं आणि गेला.

तेव्हा कुठे मूळपुरुषाने जमिनीकडे बघितलं. पिवळी रेघ नव्हती. पलीकडची अर्धी शेड रिकामी होती. सिमेंटवर तेलाचा थेंब नाही, की ग्राइंडरच्या ठिणग्यांनी भाजल्याचा डाग नाही. कधी कोणी तिथे काम केलंच नसावं अशी धूळ, सारखी बसलेली. समोरच्या चहावाल्याला त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की माझ्या भावाबद्दल तुझं काय मत. चहावाल्याचं प्रत्येकाबद्दल मत असायचं आणि ते वाईट असायचं. तो म्हणाला, इस्त्रीच्या शर्टवाले ना, सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

काप्याला सज्जन म्हणणारा माणूस मूळपुरुषाला आजवर भेटला नव्हता.

५

आता कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मूळपुरुषाचं डोकं चालायचं ते असं: हे सगळं आपल्याला वाटतं आहे. वयाची साठी जवळ आली, डोळे थकले, रॉकेलचा वास डोक्यात जातो. पत्र्यातली भोकं बुजवल्याने माणूस बदलत नसतो. आणि बदलत नसतो हे पक्कं करायचं, तर पुढची वस्तू काढून बघितली पाहिजे. काही झालं नाही, की सुटलो. झालंच, तर वस्तू परत बसवायची. परत बसवण्यात आपला हात कोण धरणार आहे.

पुढची वस्तू म्हणजे पुढच्या लांब सीटच्या मधोमध बसवलेली एक चिमुकली उंच खुर्ची. काप्याला लहानपणी पुढचा रस्ता दिसला नाही तर तो आकांत करायचा, म्हणून आबांनी स्वतः लोखंडी पट्ट्या जोडून ती केली होती. आबा कारकून; वेल्डिंग असं, की पट्टीवर कबुतरं बसून गेली असावीत. मूळपुरुषाने बोल्ट सैल केले. खुर्ची उचलली, गोणपाटात गुंडाळली, बोल्ट डब्यात टाकून झाकण लावलं. तात्पुरती, असं तो मोठ्याने म्हणाला. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग हात धुऊन जिना चढला.

खोलीत एक खाट होती. दुसरी खाट असायची तिथे भिंतीवर ओल आली होती, वरपासून खालपर्यंत, मध्ये कुठे खाटेच्या उंचीला थांबली नव्हती. म्हणजे तिथे काही ठेवलेलंच नव्हतं कधी. मोरीशी एक कप उपडा होता. दोरीवर एकाच माणसाचे कपडे. त्याने गादी उचलून बघितली, दाराच्या मागे बघितलं, नको तिथे बघितलं. माणूस चष्मा शोधतो तसा तो भाऊ शोधत होता.

खाली धावला. गोणपाट जमिनीवर सपाट पडलं होतं. बोल्टच्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, वर्षानुवर्षं न उघडल्यासारखं. पक्कडीने उघडलं, तर आत गंजाचा वास तेवढा.

मग त्याने ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी असायची, आणि फोन उचलला की आधी जेवलास का विचारायची. तसं तिने विचारलं. ह्याने विचारलं, धाकटा तुझ्याकडे आला आहे का.

पलीकडे ताई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"आपलं बाळ म्हणतोस? आज कुठून आठवलं रे तुला?" ताईचा आवाज एकदम म्हातारा झाला. "दात येत होते त्याला. त्याच तापात गेलं. तू बॉनेटवर बसून राहिला होतास दिवसभर, उतरायलाच तयार नव्हतास."

मग तिने सांगितलं, की एकटं राहून माणसाचं असं होतं, थोडे दिवस माझ्याकडे ये.

६

फोन ठेवला तेव्हा ऊन अजून शेडच्या दारात होतं. बाहेर कोणी टायर ठोकत होतं, चहावाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता. जग अगदी नेहमीसारखं चालू होतं, आणि त्यात एक माणूस कमी होता, ते फक्त ह्याला कळत होतं.

तो गाडीपाशी गेला आणि दार उघडून आत वाकला. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला एक लाकडी पट्टी होती. तिच्यावर, आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचं तोंड पोचेल अशा ठिकाणी, बारीक बारीक खळगे होते. दात शिवशिवायला लागले की काप्या ती पट्टी चावायचा. आबांनी पुढे कित्येकदा गाडी रंगवून घेतली, पण तेवढी पट्टी घासू दिली नाही.

पट्टीवर पॉलिश पेपरचा कोरा तुकडा ठेवलेला होता. सकाळी त्यानेच ठेवला होता, उद्याच्या कामाचा.

मूळपुरुषाने तो तुकडा उचलून शेडच्या बाहेर, थेट गटारात टाकला. परत येऊन त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला. ते ओले होते. अंगठा त्याने पँटला पुसला, पुन्हा फिरवला. पुन्हा ओला. गार पाण्याचा ओलावा नव्हता तो, कोमट होता.

त्याने खांबावरचा फोटो काढला आणि उलटा करून बाकावर ठेवला. मेळाव्याच्या रांगेत उभं राहायचं जे काही होतं, ते तिथे संपलं.

७

ज्याने उभ्या जन्मात गाडीला एक खिळा आपल्या मनाने मारला नाही, तो मूळपुरुष आता बापाच्या तयार गाडीत भोकं पाडायला बसला. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं; त्याला हसायला जो होता तोच नव्हता.

आधी खुर्ची. पण उंची किती होती? आपण रोज बघत होतो, पण मोजली नव्हती. रेक्झिन हिरवं होतं का? की हिरवं काप्याचं शाळेतलं दप्तर होतं? त्याने हिरवं घातलं. पट्ट्या जोडल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण वेल्डिंग सुरेख आलं. आबांसारखं वेडंवाकडं करायला त्याने जीव तोडला, पण हाताला वाईट काम येतच नव्हतं. पुसायचं, पुन्हा करायचं. पुन्हा सरळ रेघ.

बोल्ट आवळला, तसा लोखंडी जिना वाजला. हलकी पावलं, दोन पाय एका पायरीवर ठेवत उतरावं तशी. मूळपुरुषाने मागे बघितलं नाही. पत्रा उन्हाने तापतो, आवाज होतो.

मग लाल बटण. भोंगा मिळाला तो जरा निराळा. तो जोडला आणि पलीकडच्या रिकाम्या अर्ध्या शेडमध्ये पान्हा खाली पडला. खणकन. मग दुसरा. कोणीतरी हत्यारं चाचपून बघत असावं, नवीन हातांनी. मूळपुरुष कामावर नजर ठेवून राहिला. बघितलं आणि नसलं तर? आणि बघितलं आणि असलं तर?

मडगार्डशी आल्यावर त्याने हातोडा घेतला, डोळे मिटले आणि मारला. खांबाला धडकल्यावर पत्रा फाटतो, सुरकुततो. ह्याचा पोचा पडला तो वाटीसारखा गोल, मापात, सुबक. त्याला स्वतःची चीड आली. दुसऱ्यांदा मारायची मात्र छाती झाली नाही, कारण पाठीमागे कोणी श्वास आत ओढला होता. लागल्यासारखा.

शेवटी फळीत स्पीकरची भोकं. करवत थांबली आणि गाणं सुरू झालं. एकच ओळ. काप्याचा रेडिओ दिवसभर शंभर गाणी ओकायचा, पण मूळपुरुषाने कधी कान दिला असेल तर शपथ; त्याला आठवत होती तेवढी ही एकच. ती संपायची, पुन्हा तिथूनच सुरू व्हायची.

"बारीक कर तो," सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

तो लगेच बारीक झाला.

८

संध्याकाळी त्याने गाडी सुरू केली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. आरसा त्याने आधीच छताकडे वळवून ठेवला होता. दार उघडण्याचा, लागण्याचा आवाज आला नाही, तरी गाडी एका बाजूला जराशी खचली, आणि गिअर टाकताना त्याच्या कोपराला एक गुडघा लागला. पोराच्या खुर्चीत मोठा माणूस बसला की गुडघे जिथे येतात, तिथेच. गुडघा गरम होता. मूळपुरुषाला इतकं बरं वाटलं, की त्याने कोपर तिथेच राहू दिलं.

गाडी गल्लीतून निघाली. चहावाल्याने हात वर केला, मग तो तसाच वर राहिला. मूळपुरुषाने रस्त्यावर नजर लावली. माझ्या शेजारी माझा भाऊ आहे, तो म्हणाला मनात. बाकी मी काही बघितलेलं नाही, आणि न बघता माणसाचं चालतं. आंधळ्यांना काय भाऊ नसतात?

"दादा," शेजारून हाक आली. आवाज त्याचा होता. अगदी त्याचा. फक्त हाक मारल्यावर पुढे काय म्हणायचं ते माहीत नसल्यासारखा थांबला.

मूळपुरुषाला राहवलं नाही. घरात रोज जे बोलणं व्हायचं तेच त्याने सुरू करून दिलं. "काय रे खाटका."

आणि तो हसला.

झाडांची सावली नेमकी तेव्हाच काचेवर आली, आणि समोरच्या काचेत शेजारचा माणूस उमटला. नुसता डोळा मिटायचा अवकाश, तेवढाच. भुवईत खूण होती, पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. कान, नाक, हनुवटी सगळं जागच्या जागी, नवंकोरं, कुठेही न वापरलेलं; दादाला जेवढं आठवलं तेवढं. आणि पन्नाशीच्या त्या रुंद जबड्यात, भल्यामोठ्या हिरड्यांवर, तांदळासारखे मोजकेच दात. दुधाचे. सगळ्या माणसात तेवढाच भाग मूळचा होता.

सावली गेली, काच कोरी झाली. गुडघा अजून कोपराला लागत होता, गरम. हसू मात्र थांबलेलं नव्हतं. त्याचा ओला आवाज येत होता. गाडी मागे वळवता आली असती. पट्टी अजून तिथेच होती, आणि घासायला एक पेपर पुरला असता. मग वरच्या खोलीत एक खाट, एक कप, आणि रविवारी ताईचा फोन.

मूळपुरुषाने गिअर बदलला.

"हसू नकोस एवढं," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "बाकी राहा."

आणि ज्याने आयुष्यात दादाचं एकही ऐकलं नव्हतं, तो मुकाट्याने तोंड मिटून बसला.